बाबांच्या पाण्यातला क्लोरीन

आई, आज सकाळी बाबांच्या पाण्यातला क्लोरीन पहिल्यांदा जिथे असायला हवा तिथे आला. हे मी माझ्या मनाने सांगत नाही. बाबांना चालण्याचे व्यायाम द्यायला वाकोल्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येते, तिने स्वतः नळीत पाणी घेतलं, त्यात चिमुकली गोळी विरघळवली, नळी उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "ताई, झालं. उद्या बाबांना पाण्यात उतरवू या." मी तिला पुन्हा एकदा बघायला लावलं. तिने पुन्हा बघितलं. तेवढ्यावर मला खरं तर स्वस्थ बसता यायला हवं होतं, पण तेव्हापासून मी घरभर फिरते आहे. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावरच राहिला. शेवटी तुला लिहायला बसले.

बाबांचं पाणी म्हणजे काय ते तुला आधी सांगायला हवं, कारण तुझ्या वेळी आपल्याकडे पाणी म्हणजे पिंप, दोन कळशा आणि मोरीतली बादली. तुझ्या धाकट्याने मुलुंडला डोंगराच्या बाजूला एक रो-हाऊस घेतलं. आधीच्या मालकाने मागच्या अंगणात एक तलाव बांधून ठेवला होता. त्याला पोहण्याचा तलाव म्हणायला लाज वाटावी एवढासाच, चार हात मारले की पलीकडची भिंत. वर फायबरचं छप्पर. आम्ही आलो तेव्हा तो कोरडा होता आणि त्यात कुंड्या, सायकली आणि एक मोडका पाळणा होता. बाबांना झटका येऊन डावा पाय लुळा पडला, तेव्हा या मुलीने तो खड्डा पाहिला आणि विचारलं, "हा भरता येईल का?" भाऊ म्हणाला, "भरायला काय, नळ सोडला की भरेल." ते खरं होतं. भरण्यात काहीच अवघड नव्हतं. भरलेलं पाणी चांगलं ठेवणं, हे आम्हाला कुणालाच येत नव्हतं.

पहिल्या दिवशी बाबा कठड्याला धरून पायऱ्या उतरले तेव्हा मी आत उभी राहून त्यांचा हात धरला होता. पाणी छातीपर्यंत आलं आणि त्यांनी माझा हात सोडला. मुद्दाम नाही, विसरून सोडला. जमिनीवर ज्या माणसाला खाटेपासून संडासापर्यंत जायला दोन माणसं लागत होती, तो पाण्यातून सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "खाडीत असाच वाटायचा." आई, झटका आल्यापासून बाबा मालवणीच बोलतात. मिलमध्ये आणि नंतर वॉचमनच्या नोकरीत इतकी वर्षं बोललेली मुंबईची भाषा कुठे गेली कुणास ठाऊक. त्या दिवसापासून रोज सकाळी आठला त्यांचं पाण्यात चालणं सुरू झालं. भाऊ कामावर जातो, त्याची बायको शाळेत शिकवते, त्यामुळे पाण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. निवृत्त माणसाला घरात काहीतरी खातं लागतंच.

मी तुझ्याच पद्धतीने सुरुवात केली. किराणावाल्याकडून ब्लीचिंग पावडर आणली, बादलीत कालवली, वरची निवळी तलावात ओतली. विक्रोळीच्या खोलीत तू हेच करायचीस. तू पालिकेच्या दवाखान्यातून घरी आलीस की खांद्यावरची पिशवी खुंटीला लागायच्या आधी पिंपाचं झाकण निघायचं. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की काळ्या बाटलीतले थेंब पडायचे, मग अर्धा तास कुणी पिंपाला हात लावायचा नाही. मग तू पेला भरून नाकाशी धरायचीस. भावाने "ई, औषधाचा वास" म्हटलं की म्हणायचीस, "वास येतोय ना? म्हणजे पाण्यात राखणदार आहे. पी." आणि चाळींमधून फिरताना तुझ्याजवळ ती तपासणीची कुपी असायची. पाण्यात थेंब टाकला आणि पाणी पिवळं झालं की तू मान हलवायचीस आणि पुढच्या दाराकडे जायचीस. मी शाळेतून लवकर सुटले की तुझ्यामागून हिंडायचे. पिवळं म्हणजे चांगलं, वास म्हणजे चांगलं, हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले असेन.

पावडरीने तलावाच्या तळाशी पांढरा गाळ बसायला लागला आणि पाणी ताकासारखं दिसू लागलं. म्हणून मी घाटकोपरला एका दुकानात गेले. दुकानदार गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "बेन, पावडर तर गटारासाठी. पूलसाठी गोळी न्या." मी विचारलं, पातळ क्लोरीन मिळतो म्हणतात, तो कसा? "मिळतो ना, पण कटकट कशाला? कॅन उचला, मोजा, रोज ओता. ही गोळी तरंगत्या डब्यात टाका आणि विसरून जा. पवईच्या टॉवरवाले पण हीच नेतात." मी म्हटलं, आमच्याकडे म्हातारं माणूस उतरतं. तो म्हणाला, "मग तर गोळीच." पेपरातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एका माणसाच्या सांगण्यावर एक ओळ छापू दिली नव्हती, आणि इथे एका दुकानदाराच्या शब्दावर डबा भरून गोळ्या घेतल्या. पाणी दोन दिवसांत लखलखीत झालं. तळाच्या फरशीवरचे निळे मासे दिसायला लागले. भाऊ म्हणाला, "झकास. तायडे, तू आता पूलवाल्यांची युनियन काढ."

पुढचे काही आठवडे बरे गेले. मग वास यायला लागला. आधी अंगणात, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत. नाकात झोंबणारा. भावाची बायको खिडकी लावून पोळ्या करू लागली. मला मात्र त्या वासाने बरं वाटायचं, हे तुला सांगायला हवं. तुझ्यासारखीच एक कुपी मी आणली होती, पाण्यात थेंब टाकायचे, पाणी गर्द पिवळं व्हायचं, आणि मी तुझ्यासारखीच मान हलवायचे. बाबांचे डोळे लाल होऊ लागले. मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर चट्टे उठले. मला वाटलं क्लोरीन जास्त होतोय, म्हणून गोळ्या कमी केल्या. तर पाणी एका कोपऱ्यात शेवाळलं. पुन्हा वाढवल्या, तर डोळे आणखी लाल. एक दिवस बाबा पायरीवर उभे राहिले आणि खाली उतरेनात. "माका खाज येता," म्हणाले. दुसऱ्या दिवशी, "आज नको." तिसऱ्या दिवशी त्यांनी अंगातला सदराच काढू दिला नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी चट्टे पाहून सांगितलं, पाणी नीट होईपर्यंत उतरायचं नाही. आणि वाकोल्याची मुलगी म्हणाली, फार दिवस पाण्याबाहेर राहिले तर पायात जे बळ आलंय ते जाईल, आणि या वयात दुसऱ्यांदा येणं कठीण असतं.

दोघांचंही बरोबर होतं आणि मधे मी. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. बाबा खाटेवर, पाय सरळ करून, भिंतीकडे बघत. मी मोबाइलवर क्लोरीनबद्दल वाचत. इथे एक सांगतो गोळी, दुसरा सांगतो दाणे, तिसरा सांगतो मिठाचं यंत्र बसवा. सगळे खात्रीने सांगतात. माझ्या डेस्कवर बातमीची अशी कॉपी आली असती तर मी ती परत पाठवली असती. पण परत पाठवून बाबांच्या पायाचं सुकणं थांबणार नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्यांची पोटरी दाबून बघायचे, कालच्यापेक्षा मऊ लागते का. ती मऊच लागायची. खरंच तशी लागायची की मला वाटायचं, ते आजही सांगता येणार नाही.

मग ती मुलगी एका रविवारी, तिचा यायचा दिवस नसताना, ज्या हॉस्पिटलात ती सकाळी काम करते तिथल्या व्यायामाच्या तलावावरची तपासणीची पेटी घेऊन आली. ही वेगळी होती. हिच्यात पाणी गुलाबी होतं. तिने दोन नळ्या भरल्या. एक जवळजवळ पांढरीच राहिली, दुसरी गडद गुलाबी झाली. भाऊही सुट्टीमुळे घरी होता, तो वाकून बघत होता.

"ही पांढरी म्हणजे कामाचा क्लोरीन," ती म्हणाली. "नाहीच आहे. ही गुलाबी म्हणजे सगळा मिळून. तो भरपूर आहे, पण वापरून झालेला. घाणीला चिकटून बसलाय. तुमच्या पिवळ्या थेंबाला यातला फरक कळत नाही."

मी म्हटलं, "पण वास तर इतका येतो."

"ताई, तो वास चांगल्या क्लोरीनचा नसतो. वापरून झालेल्याचा असतो. चांगल्या पाण्याला जवळजवळ वास येत नाही."

आई, मी खाली फरशीवर बसले. मला क्षणभर तुझाच राग आला, तुझ्या राखणदाराचा. मग वाटलं, तुझ्या पिंपात कुणी उतरत नव्हतं. तुझं तुझ्या पाण्यापुरतं खरं होतं.

मुलगी पुढे सांगत होती. त्या गोळ्यांमध्ये क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं एक द्रव्य असतं, ते पाण्यात साठत जातं आणि क्लोरीनला सुस्त करतं. आमच्याकडे छप्पर, ऊन येतच नाही, म्हणजे त्या द्रव्याचा फायदा शून्य आणि तोटा सगळा. अर्धं पाणी काढून टाकायचं, नवं भरायचं, आणि यापुढे साधा पातळ क्लोरीन, रोज संध्याकाळी, थोडा थोडा. हे सगळं मी लिहून घेत होते. मग तिने आवाज उतरवला आणि विचारलं, "ताई, बाबा पाण्यात जायच्या आधी बाथरूमला जाऊन येतात का?"

"का गं?"

"नाही, एवढ्याशा तलावात, एक माणूस उतरतो, तरी इतका क्लोरीन संपतोय. घामाने एवढा नाही संपत." मी लिहायची थांबले तेव्हा ती म्हणाली, "झटक्यानंतर होतं असं. पाण्यात गेल्यावर खूप जणांना ताबा राहत नाही. आमच्याकडे रोजचं आहे, त्यात काही नाही."

भाऊ म्हणाला, "म्हणजे बाबा पाण्यातच..."

"हळू बोला," ती म्हणाली.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर होते. आमच्याकडे पाठ होती. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पण एवढं मला तिथेच कळलं की खाज बरेच दिवस होती तरी ते उतरत होते, म्हणजे "आज नको" खाजेमुळे नव्हतं. पाण्यात आपलं काय होतं ते बाबांना ठाऊक होतं. आम्ही घाटकोपरपासून मोबाइलपर्यंत क्लोरीन शोधत होतो, आणि ज्यांच्यासाठी शोधत होतो ते भिंतीकडे तोंड करून लाजत होते. कुणी एकाने म्हटलं असतं तर पुरे होतं, पण कुणीच काही म्हणत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी पळत होते, आणि पळणं बरं होतं. अर्धं पाणी काढलं. पातळ क्लोरीन शोधताना कळलं की तो दुधासारखा असतो, जुना झाला की त्याचा जोर उतरतो. मुलुंडच्या दुकानात धूळ बसलेला कॅन मिळाला, भांडुपला उन्हात ठेवलेला. मी कॅनवरची तारीख विचारायचे आणि दुकानदार माझ्याकडे बघायचे. एक म्हणाला, "मावशी, क्लोरीन आहे, पनीर नाही." शेवटी अंधेरीच्या एमआयडीसीत एका ठोक विक्रेत्याकडे आदल्या दिवशी भरलेला माल मिळाला. कॅन रिक्षात पायांमध्ये धरून, दोन्ही बाजूंनी वारा येईल असं बसून मी तो घरी आणला. संध्याकाळी भावाने मापाने ओतला. सकाळी पाण्याचा वास पाण्यासारखा येत होता, म्हणजे येतच नव्हता. पण बाबांना काय सांगायचं, ते मात्र कुठल्या दुकानात मिळत नव्हतं.

आणि इथे मला तुझी शेजारच्या चाळीतली ती दुपार आठवली. एका घरातलं पोर जुलाबाने निपचित पडलं होतं. तू त्यांच्या पिंपातल्या पेलाभर पाण्यात थेंब टाकलास, ते पिवळं झालंच नाही. त्या बाई नळाची रांग चुकवायला गटाराशेजारच्या फुटक्या पाइपातून भरत, हे मी पाहिलं होतं, आणि सगळ्या बायका जमल्या असताना मी ते मोठ्याने सांगितलं. तू माझा दंड असा दाबलास की संध्याकाळपर्यंत बोटं उमटून होती. बायकांना म्हणालीस, "नळालाच खराब येतंय, सगळ्यांनी पिंपं उघडा." आणि एकेका घरात जाऊन प्रत्येक पिंपात औषध टाकलंस, चांगल्या पाण्यातसुद्धा. परत येताना मला म्हणालीस, "कुणाचं पाणी खराब ते ओरडून सांगायचं नसतं, बाय. पाणी चांगलं करायचं." मी पुढे पोट भरलं ते नेमकं उलट करून. कुणाचं पाणी खराब ते नावानिशी छापून. आणि तुला माहीत असेल किंवा नसेल, त्या बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच पाइपावर होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुझं बरोबर की माझं, हे मी इतकी वर्षं अधूनमधून तपासत आले आहे आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा दुपारी बाबांना मऊ भात भरवताना मी म्हटलं, "बाबा, पाण्याचं कळलं काय ते. तेल." मी रोज त्यांना पाण्यात उतरण्याआधी खोबरेल चोळत होते, तू त्यांना रविवारी आंघोळीआधी चोळायचीस तसं. खोटं नव्हतं. मुलीने त्याबद्दलही सांगितलं होतं, तेलाने गाळणी तुंबते आणि थोडा क्लोरीन खर्च होतो. थोडा. मी तो थोडा सगळा केला. "माझ्या तेलाने क्लोरीन खाल्ला सगळा. आता आधी साबणाने आंघोळ, मग पाणी. आणि आंघोळीला गेलात की बाथरूमचं सगळंच उरकून यायचं, भाऊ उतरला तरी त्यालाही हाच नियम."

बाबांनी घास गिळला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू पेपरात असाच लिवायचंस?"

मला हसू आलं आणि ते दाबताना चमचा ताटात पडला. बाबा हसले नाहीत. त्यांनी उजव्या हाताने चमचा उचलून माझ्या हातात दिला आणि तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी. संध्याकाळी भावाने विचारलं, "काय, कळलं का त्यांना?" मी म्हटलं, "काय कळायचंय?" तो म्हणाला, "तायडे, तू ना, बाबांचीच मुलगी आहेस." मी म्हटलं, आईची पण आहे. पण ते नीट खरं आहे का, याची मला खात्री वाटेना, म्हणून विषय बदलून मी त्याला क्लोरीनचा कॅन ऊन येणाऱ्या जागेवरून हलवायला लावला.

आज पाणी बरोबर आलं आहे. चट्टे सुकलेत, डॉक्टरांनी फोटो पाहून हो म्हटलंय. मुलगी उद्या आठच्या आधी येईल, एकदा पुन्हा तपासेल. भावाने अर्धी रजा घेतली आहे, पाण्यात खाली तो उभा राहणार, पायऱ्यांवर ती, वर मी. पोटरीतलं बळ गेलं असेल तर किती गेलं, ते पहिल्या चार पावलांत कळेल असं ती म्हणते. बाबा उतरतील, असं भाऊ म्हणतो, मुलगीही म्हणते. मी हे कुठे पाठवणार नाही, तुला पाठवायला जागा तरी कुठे आहे. म्हणून एवढं लिहून ठेवते, की उद्या उतरणार का, हे मी स्वतः बाबांना अजून विचारलेलं नाही. आता ते दारातल्या खुर्चीवर जागे बसलेत, पाण्याकडे तोंड करून, आणि मी इथे बसून तुला लिहिते आहे.